आमच्या ह्यांची तंबाखू

आमच्या ह्यांनी आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. लग्नाच्या जेवणानंतर कुणी विडा पुढे केला की ते तो घ्यायचे आणि पुढच्याच माणसाच्या हातावर ठेवायचे. दात सकाळी आणि रात्री इतका वेळ घासायचे की बेसिन मोकळं व्हायची वाट बघण्यात माझा अर्धा संसार गेला. अशा माणसाने साठी उलटल्यावर एका डॉक्टरसमोर छातीठोकपणे सांगितलं की मी नोकरीला लागल्यापासून तंबाखू खातो. मी शेजारच्या खुर्चीत होते. शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे धादांत खोटं ऐकूनही चेहरा सरळ ठेवायची मला सवय होती. त्या दिवशी ती सवय कमी पडली.

हे असं का झालं ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

ह्यांना पहिल्यांदा कॅन्सर झाला तो लिंगाचा. इथे एका ओळीत लिहून मोकळी झाले, पण ही ओळ आमच्या घरात मोठ्याने उच्चारायला फार काळ लागला. तिथल्या कातडीखाली एक फोड आला होता. तो त्यांनी माझ्यापासून, डॉक्टरपासून आणि बहुधा स्वतःपासूनही कित्येक महिने लपवला. मेडिकलच्या दुकानातून मलम आणलं. दुकानदाराने विचारलं, कशाला हवंय, तर म्हणाले, पायाला. त्याने पायाचं मलम दिलं. ते मलम हे इमानेइतबारे लावत राहिले आणि फोड काही ऐकेना म्हणून मलमाच्या कंपनीला दोष देत राहिले. शेवटी धुवायच्या कपड्यांवर रक्ताचे डाग मला दिसले आणि मी त्यांना जवळजवळ फरपटत डॉक्टरकडे नेलं.

ऑपरेशन झालं. थोडा भाग काढला, जांघेतल्या गाठी काढल्या. ते डॉक्टर वयाने लहान पण स्पष्ट बोलणारे होते. घरी सोडताना म्हणाले, "पुढे कुठेही गाठ, जखम, सूज दिसली तर आधी मला येऊन सांगायचं. कुठेही म्हणजे कुठेही." ह्यांनी मान डोलावली. लपवाछपवीत तरबेज झालेला माणूस अशी मान फार सुंदर डोलावतो.

आता प्रश्न उरला तो लोकांचा. पनवेलमध्ये माणूस आजारी पडला की त्याला बघायला जायचं असतं. सफरचंद आणि शहाळी घेऊन मंडळी येतात, सोफ्यावर बसतात, आणि पहिला प्रश्न "कसं आहे?" हा नसतो, "कुठे झालंय?" हा असतो. जागा कळल्याशिवाय कुणाला हळहळता येत नाही. छातीत म्हटलं की एक हळहळ, डोक्यात म्हटलं की दुसरी. आमच्या जागेसाठी कुणाकडेच हळहळ तयार नव्हती. तेव्हा ह्यांनी ठरवलं की पोटात झालंय. मुलीला नाशिकला फोनवर तेच सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या जोशीणकाकूंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना पोट.

मी वर्षानुवर्षं दहावीच्या पोरांना मानवी प्रजननाचा धडा एकही आकृती न गाळता शिकवला. शाळेतल्या दुसऱ्या बाई तो धडा "घरी वाचून या" म्हणायच्या. मी फळ्यावर आकृती काढून, भागांना नावं देऊन, मागच्या बाकावरच्या खिदळणाऱ्यांना उभं करून तीच नावं परत वाचायला लावायचे. आणि घरी सोफ्यावर बसून मी "हो ना, पोटात" म्हणत शहाळ्याला स्ट्रॉ लावत होते. मला स्वतःचा इतका राग यायचा की आलेल्या पाहुण्यांना मी मुद्दाम कमी साखरेचा चहा द्यायचे.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आक्का. ह्यांची थोरली बहीण. हे मूळचे उरणच्या कोळीवाड्यातले. आई लवकर गेली, तेव्हा आक्काने ह्यांना वाढवलं. ती मासळी बाजारात टोपली घेऊन बसायची आणि त्या पैशांवर ह्यांचं शिक्षण झालं. मग हे बंदरात नोकरीला लागले, पनवेलला फ्लॅट घेतला, निवृत्त झाले, पण आक्का दारात उभी राहिली की अजून शर्टाचं वरचं बटण लावायचे. तिला ते कसं सांगणार? तिच्यासाठीही पोट.

आणि पोट म्हटल्यावर आक्काने सूत्रं हातात घेतली. पोटाच्या माणसाला मासे कसे चालतील? तिने स्वतः, जन्मभर मासे विकणाऱ्या बाईने, भावाचे मासे, तिच्या भाषेत मावरा, बंद केले. येताना पिशवीतून बोंबील, कोलंबी यायच्या ऐवजी दुधी यायला लागला. "पोटाला थंड बरा," म्हणायची आणि समोर बसून त्यांना मऊ भात, ताक आणि दुधी खायला लावायची. ह्यांच्या पोटाला काहीही झालेलं नव्हतं. ते घास गिळताना माझ्याकडे बघायचे आणि मी खिडकीबाहेर बघायचे. खिडकीतून उलव्याच्या दिशेला उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या क्रेन दिसायच्या. मी त्या फार आवडीने बघायला शिकले.

अशी दोन वर्षं दुधीवर गेली.

मग ह्यांची खालची डावी दाढ हलायला लागली. हनुवटी बधिर झाल्यासारखी वाटते म्हणाले, दाढी करताना ब्लेड लागलेलं कळायचं नाही. गावातल्या दातांच्या डॉक्टरने दाढ काढली. दाढ गेली, पण खड्डा भरेना. उलट त्यातून मांस वर येऊ लागलं आणि गाल सुजला. दातांच्या डॉक्टरने तुकडा तपासायला पाठवला आणि कॅन्सर निघाला.

मला लगेच ते वाक्य आठवलं. कुठेही म्हणजे कुठेही. मी म्हटलं, आपण आधीच्या डॉक्टरांकडे जाऊ. हे म्हणाले, "त्यांचा काय संबंध? ते खालचे डॉक्टर आहेत." मी म्हटलं, तुमचं शरीर म्हणजे सोसायटी आहे का, प्रत्येक मजल्याला वेगळा सेक्रेटरी? त्यांना विनोद आवडला नाही. त्यांनी एक वेगळंच इस्पितळ शोधलं, जिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, आणि तिथल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सर्जनची वेळ घेतली.

तिथेच तो तंबाखूचा प्रसंग घडला.

"तंबाखू खाता?" सर्जनने विचारलं.

हे म्हणाले, "हो."

"कोणती? मशेरी, गुटखा, की चुना लावून मळून?"

"मळून," हे म्हणाले. मळून म्हणजे काय ते त्यांना कितपत माहीत होतं देव जाणे.

"किती वर्षं?"

"नोकरीला लागल्यापासून."

"तोंडात कुठे धरायचात?"

ह्यांनी आत्मविश्वासाने उजव्या गालावर बोट ठेवलं.

"जखम डावीकडे आहे."

"मग डावीकडेच. उजवीकडे आपली कधीमधी."

सर्जनने बॅटरी मारून तोंडात बघितलं आणि जरा चकित होऊन म्हणाला, "दात मात्र छान ठेवलेत."

"दोन वेळा घासतो," हे म्हणाले. त्या खोलीत त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढं एक वाक्य खरं होतं.

मग त्याने विचारलं, आधी काही ऑपरेशन? ह्यांनी सांगितलं, हर्निया. माझ्या पायावर त्यांचा पाय होता आणि तो दाबला जात होता.

रिक्षात बसल्यावर मी फुटलेच. "तंबाखू? तुम्ही?"

"कारण विचारलं त्यांनी. कारण नाही म्हटलं की आणखी खोदत बसतात."

"अहो, हे खालचंच वर आलं असेल तर?"

त्यांनी रिक्षावाल्याकडे एकदा बघितलं, माझा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे तुला. बोलायचं नाही." शपथ मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला तो मरतो, असं मानतात. मी असलं काही मानत नाही. तरी मी ती शपथ घेतली.

त्यानंतरचे काही आठवडे आमच्या घरात जवळजवळ आनंदाचे होते, हे सांगताना मला संकोच वाटतो, पण तसं होतं. कॅन्सर अखेर सभ्य जागी आला होता. तोंडाचा! तो फोनवर सांगता येत होता, लिफ्टमध्ये सांगता येत होता, जिन्यात सांगता येत होता. पाहुणे आले की हे स्वतःहून गालावर हात ठेवून दाखवायचे. "तंबाखू, दुसरं काय," म्हणून सुस्कारा टाकायचे. एकदा मी आतून ऐकलं, ते सोसायटीतल्या एका तरुणाला तंबाखू सोडण्याविषयी उपदेश करत होते. सुटताना पहिला आठवडा फार जड जातो, असं अनुभवाने सांगत होते.

आक्का मात्र खवळली. उरणहून पहिल्या बसने आली. चपला काढायच्या आधीच दारातून सुरू झाली. "आमच्या बापानी कवा तपकीर नाय ओढली नि तू तंबाखू खातस? मना कवा सांगलास नाय? आँ?" आणि मग तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. हे मान खाली घालून उभे राहिले. न केलेल्या पापाबद्दल इतकी मनापासून मान खाली घातलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मी माझ्या परीने वाचायला लागले होते. ह्यांच्या जबड्यातला कॅन्सर ज्या पेशींचा होता, त्या कातडीच्या वरच्या थरातल्या. खालचा कॅन्सरही त्याच पेशींचा होता. तोंडाचा कॅन्सरही बहुतेक वेळा त्याच पेशींचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळे सख्खे भाऊ दिसतात, त्यामुळे घरच्यांनी सांगितल्याशिवाय कोण कुठून आला ते कळणं अवघड. खालचा कॅन्सर पसरलाच तर आधी जांघेत जातो, मग फुप्फुसात, यकृतात, हाडांत. जबड्यात जाणं फार दुर्मीळ. पण दुर्मीळ म्हणजे अजिबात नाही असा अर्थ होत नाही, एवढं मी पोरांना शिकवत आले होते.

मी ह्यांना हे सांगायचा प्रयत्न केला की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

ऑपरेशनच्या आधी सर्जनने सगळं समजावून सांगायला बोलावलं. आक्का हट्टाने आत आली. आपल्याकडे डॉक्टरच्या खोलीत पेशंट एकटा शिरला तर डॉक्टरलाच चुकल्यासारखं वाटतं. सर्जनने कागदावर चेहरा काढला आणि त्यावर पेनाने रेघ मारली. खालचा जबडा डावीकडून इथपर्यंत काढायचा. पायातलं एक हाड घेऊन तिथे बसवायचं. मानेतल्या गाठी काढायच्या. बरेच दिवस नाकातून नळीने जेवण. बोलणं पहिल्यासारखं येईलच असं नाही, लाळ गळेल, चेहरा बदलेल. तो हळुवारपणे सांगत होता. आक्काने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"तयारी आहे?" त्याने विचारलं.

"करा," हे म्हणाले.

एकच शब्द. मी त्यांच्याकडे बघितलं. गाल सुजलेला, पण दाढी नीट केलेली, वरचं बटण लावलेलं. हा माणूस अर्धा चेहरा कापून द्यायला निघाला होता. तेही कदाचित उगाचच, कारण तो कॅन्सर खालून आलेला असेल तर तो आणखी कुठे कुठे गेलेला असणार, आणि जबडा कापून काहीच साधणार नव्हतं. उरलेले महिने नाकातल्या नळीने पेज पीत, खुणा करत, फुकट काढायचे. मला इतका संताप आला की शपथेची भीती राहिलीच नाही.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ह्यांना दोन वर्षांपूर्वी लिंगाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन त्याचंच झालंय. हर्निया वगैरे काही नाही. आणि ह्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही."

वर्गात बोलायचे त्याच आवाजात बोलले. बाहेरच्या बाकांवरही गेलं असणार.

सर्जनने पेन खाली ठेवलं. ह्यांनी डोळे मिटले. आक्काने माझं मनगट सोडलं आणि एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"मंग पोटान काय नवता?"

"नाही आक्का. पोटात काहीच नव्हतं."

"काय बी नाय?"

"नाही."

तिचा चेहरा लाल झाला. "मंग दोन वर्सां मी याला मावरा का नाय दिला?" ती ओरडली. सर्जनकडे वळून म्हणाली, "सायेब, दोन वर्सां मी याला दुधी खायला घातला!" सर्जनला यातलं काही कळलं नाही. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. तोंडावर रुमाल धरून मी दोन्ही उरकून घेतलं.

ऑपरेशन थांबलं. जुन्या इस्पितळातून जुने नमुने मागवले, नवे त्यांच्याशी ताडून बघितले, अंगभर स्कॅन केला. तोच होता, खालचा. जबड्यात होताच, फुप्फुसात होता, मणक्यात होता. पहिले डॉक्टर म्हणाले, जबड्यात आलेला मी आजवर फक्त वाचलाय, पाहिला नव्हता. असा मान आमच्या घराण्याला प्रथमच मिळत होता. जबडा कापण्यात आता अर्थ नाही यावर दोघा डॉक्टरांचं एकमत झालं. दुखणं कमी व्हावं म्हणून किरणं, आणि झेपतील तेवढी केमोची इंजेक्शनं.

तो जबडा मी वाचवला. त्या जबड्याने ते सगळ्यांशी बोलायचे. मुलगी नाशिकहून आली, तिच्याशी तासन् तास बोलायचे. आक्का आता रोज काहीतरी घेऊन यायची, पापलेटाचे काटे स्वतः काढून मऊ करून भरवायची, तिच्याशी भांडायचे आणि जेवायचे. जोशीणकाकूंना तर खरी जागा कळली होती, कारण पनवेलमध्ये डॉक्टरच्या बाकावर बसलेलं कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. त्याही आल्या, गप्पा मारून गेल्या. कुणाचं काही अडलं नाही. हळहळ सगळ्यांकडे निघाली. फक्त माझ्याशी ह्यांचं बोलणं बंद होतं. औषध दिलं की घ्यायचे. पाणी हवं असेल तर ग्लासकडे बघायचे. मी म्हटलं, बघू या किती ताणतात. मीही कमी नाही.

मनातून मला खात्री होती की मी बरोबर वागले. हा पुरुषी लाजेचा तमाशा कुणीतरी मोडायला हवा होता, आणि तो मी मोडला. शाळेतल्या जुन्या मैत्रिणीला फोनवर मी तसं सांगितलंही, जरा चढ्या आवाजात, म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा बेताने.

एका दुपारी मी त्यांच्या उशाशी बसून संत्रं सोलत होते. आक्का जेवून पलीकडे झोपली होती. त्यांनी अचानक माझ्या नावाने हाक मारली. इतक्या दिवसांनी ऐकल्यावर माझ्या हातातून फोड पडली.

"तुला वाटतं मी लाजेपायी बोललो नाही," ते म्हणाले.

"मग कशापायी?"

बोलताना आता गाल ओढला जायचा, त्यामुळे एकेक शब्द जपून काढायचे.

"पहिल्यांदा लाज होती. आक्का काय म्हणेल, लोक काय म्हणतील. ते खरंय. पण दाढेचं कळलं ना, तेव्हा मलाही तेच आठवलं जे तुला आठवलं. कुठेही म्हणजे कुठेही. मला काय कळत नव्हतं का?"

मी पडलेली फोड उचलून ताटलीत ठेवली.

"तोंडाचा असता तर कापून निघाला असता. ते डॉक्टर म्हणालेच ना, रेघ मारून. इथपर्यंत काढलं की झालं. मी म्हटलं, जाऊ दे जबडा. नाकातून जेवेन. बोलता नाही आलं तर लिहून दाखवेन तुला. पण खालचा वर आलाय म्हटलं की संपलंच." ते थांबले. "डॉक्टरने तंबाखू खाता का विचारलं, तेव्हा मला वाटलं, हो म्हटलं तर तो तोंडाचाच होईल."

मी संत्र्याची ताटली खाली ठेवली. इतके महिने मी ज्या माणसाची टर उडवत होते तो तंबाखूच्या नावाने जीव मागत होता, आणि मी शेजारी बसून हसू आवरत होते. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या छातीवर डोकं टेकून रडले, चांगला आवाज काढून रडले, आक्का जागी होईल याचीही पर्वा केली नाही.

"परत वेळ आली तर काय करशील?" त्यांनी विचारलं.

"परत सांगेन," मी म्हटलं. खोटं बोलवेना.

"माहीत आहे," ते म्हणाले आणि माझ्या केसांवर हात ठेवला. मग म्हणाले, "मला जगायचं होतं गं."